विश्लेषण : सातबारावर नाव नाही, तरी विरोध का? कोकणातील प्रकल्प नेमके कुठे अडतात?

नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प बारसूला हलवला, तरी विरोध थांबला नाही. जैतापूरला मोबदला वाढला, तरी मच्छीमारांची नाराजी गेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील या दोन्ही प्रकल्पांत नाराज लोक कोण आहेत, हे ओळखण्याची पद्धतच चुकली असे दिसते.

नेमके काय घडले?

तीन सरकारी तेल कंपन्यांनी २०१७ मध्ये रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी स्थापन केली. वर्षाला ६ कोटी टन क्षमता आणि सुमारे ३ लाख कोटींची गुंतवणूक, असा आराखडा होता. राजापूर तालुक्यातील नाणार परिसरासाठी निघालेली भूसंपादनाची अधिसूचना विरोधामुळे मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला त्याच तालुक्यातील बारसूची जागा सुचवली. ही जागा बहुतांश पडीक आहे, वस्ती नाही, असा दावा होता. तरीही एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू होताच महिला सड्यावर ठाण मांडून बसल्या. जमावबंदी आणि अश्रुधुरापर्यंत प्रकरण गेले. जागा बदलली, पण लोकांकडे जाण्याची रीत तीच राहिली.

व्यवस्थापनशास्त्र काय सांगते?

कोणत्याही मोठ्या बांधकामात सुरुवातीलाच ‘स्टेकहोल्डर’ म्हणजे संबंधित घटकांची यादी करतात. मग प्रत्येकाचा प्रभाव किती आणि प्रकल्पात रस किती, या दोन निकषांवर चार चौकटींचा तक्ता आखतात. प्रभाव आणि रस दोन्ही जास्त असतील त्यांच्याशी सतत चर्चा करायची. प्रभाव कमी पण रस जास्त असेल त्यांना ‘माहिती देत राहायची’.

कागदावर हे सोपे दिसते. अडचण अशी की आपल्याकडे ही यादी बहुधा सातबारावरून तयार होते. ज्याचे नाव उताऱ्यावर, तो प्रकल्पबाधित. बाकीचे आपोआप ‘प्रभाव कमी’च्या चौकटीत जातात, किंवा यादीतच येत नाहीत.

कोण सुटते?

जैतापूर हे याचे ठळक उदाहरण. ९,९०० मेगावॉटच्या अणुप्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांतील सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. २०१३ मध्ये हेक्टरी २२.५ लाखांचे पॅकेज ठरल्यावर बहुतेक जमीनमालकांनी मोबदला स्वीकारला. पण साखरी नाटेच्या मच्छीमारांची जमीन जातच नव्हती. त्यांना भीती होती ती समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि सुरक्षेच्या नावाखाली मासेमारीवर येणाऱ्या बंधनांची. त्यांचे शेत म्हणजे समुद्र, आणि समुद्राचा सातबारा नसतो. एप्रिल २०११ मध्ये नाट्यात आंदोलनावर गोळीबार झाला, एका आंदोलकाचा जीव गेला. तक्त्यात ‘प्रभाव कमी’ ठरणाऱ्यांचा आवाज वेळीच ऐकला नाही, तर गोष्ट कुठवर जाते हे तेव्हा दिसले.

दुसरा सुटणारा घटक चाकरमानी. कोकणात एका उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदार असतात आणि त्यातले बरेच मुंबईत. गावातल्या बैठकीला ते नसतात, पण त्यांच्याशिवाय घरचा निर्णय होत नाही.

तिसरा घटक सड्यावर अवलंबून असलेला. महसुली नोंदीत ‘पोटखराबा’ असलेला कातळ गावाला गुरांचे चरण असतो, गवत देतो. खालच्या वाडीतल्या विहिरीच्या पाण्याचा विषयही सड्याशीच जोडलेला. बारसूच्या कातळावर तर खोदचित्रे आहेत. कोकणातील अशी कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली.

याउलट, बाहेरच्या लोकांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी नाणार आणि बारसू या दोन्ही ठिकाणी झाल्या. म्हणजे सातबारावर असलेला प्रत्येक जण गावाचा नसतो आणि गावातला प्रत्येक जण सातबारावर नसतो. अशा उताऱ्यांवरून मोजलेली ‘संमती’ गावाची कशी मानायची?

कायदा काय म्हणतो?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याची ‘बाधित कुटुंबा’ची व्याख्या व्यापक आहे. तिच्यात कुळे, शेतमजूर आणि पाण्यावर उपजीविका असलेले मच्छीमारही येतात. पण नाणारची अधिसूचना एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याखाली निघाली होती. पर्यावरणविषयक जनसुनावणी होते, पण तोवर जागा ठरलेली असते. लोकांना विचारले जाते ते ‘इथे हवा का’ एवढेच. ‘कुठे आणि कसा’ हे आधीच ठरलेले असते.

मग करायला काय हवे?

पहिले, यादी उपजीविकेवरून करावी. मच्छीमार सोसायटी, वाडीतल्या महिला, बागेतले मजूर आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळे यांच्याकडे जागा निश्चित होण्याआधी जावे.

दुसरे, नाराजीचे प्रकार वेगळे करावेत. दराबद्दलची नाराजी पैशाने सुटते. पाण्याबद्दलची सुटते ती गावाचा विश्वास असलेल्या संस्थेच्या, मराठीत दिलेल्या अभ्यासाने. फसवले गेल्याची भावना या दोन्हींनी सुटत नाही. तिथे लेखी उत्तर आणि ते देणारा, बदली होऊन न जाणारा जबाबदार अधिकारी लागतो. सगळ्या प्रश्नांवर मोबदला वाढवणे हे एकच औषध चालत नाही.

तिसरे, ज्यांना प्रकल्प हवा आहे तेही संबंधित घटकच. रोजगाराच्या आशेवर थांबलेला राजापूरचा तरुण वर्षानुवर्षांच्या अनिश्चिततेने तितकाच नाराज होतो.

आणि शेवटचे, ‘नाही’ हे उत्तरही ऐकण्याची तयारी हवी. ज्या चर्चेचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिला गाव चर्चा मानत नाही. हे सगळे करायला वेळ लागेल, ही तक्रार खरी आहे. पण जैतापूरच्या अणुभट्ट्या आणि राजापूरची रिफायनरी अजूनही कागदावरच आहेत. वाचवलेला वेळ कुठे गेला, याचा हिशेब त्यातच आहे.