झडप किती दाबाला उघडावी?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले, तेव्हा दोन्ही वेळा सार्वजनिक चर्चा एकाच मागणीपाशी येऊन थांबली : कारखाने हलवा. ही मागणी अनाठायी नव्हे. परंतु कारखाना जेथे जाईल तेथे त्याच्या नळ्या, रिअ‍ॅक्टर आणि त्यांवरील सुरक्षा झडपाही जातील. ती झडप किती दाबाला उघडावी, हा प्रश्न मात्र केवळ तंत्रज्ञांचा समजून आपण सोडून देतो.

वस्तुतः त्यामागील तत्त्व साधे आहे. नळयंत्रणेत रोज असणारा दाब वेगळा आणि ती जो दाब सोसेल असे धरून बांधलेली असते, तो संकल्पन-दाब वेगळा. झडप या दुसऱ्या मर्यादेच्या आत, फार तर त्या मर्यादेवर उघडली पाहिजे. ही मर्यादा ठरते ती त्या मार्गावरील सर्वांत दुर्बळ भागावरून, आणि तीही प्रत्यक्ष तापमानाचा विचार करून. कार्बन पोलादाच्या ‘क्लास १५०’ फ्लँजला ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार दाब मान्य आहे. २०० अंशांना तोच आकडा १३.८ बारवर उतरतो. थंड स्थितीतला आकडा गरम नळीला लावणाऱ्याने झडप बसवूनही संरक्षण गमावलेले असते.

खरा मोह पुढेच आहे. रोजचा दाब झडपेच्या दाबाला फार जवळ नेला की झडप गळू लागते आणि माल वाया जातो. यावर प्रामाणिक उपाय दोनच : रोजचा दाब उतरवावा किंवा अधिक दाबाची यंत्रणा बांधावी. दोन्ही खर्चाचे आहेत. झडपेचा स्क्रू आवळण्यास मात्र काहीच पडत नाही. उत्पादनाचा तगादा आणि सुरक्षितता यांचा झगडा त्या स्क्रूपाशी येऊन ठेपतो.

आकडा संकल्पन-दाबाच्या आत असला म्हणजे भागले, असेही नाही. अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथील टी-२ लॅबोरेटरीज या कारखान्यात १९ डिसेंबर २००७ रोजी रिअ‍ॅक्टर फुटून चार जण मृत्युमुखी पडले. त्यावरील संरक्षक चकती दर चौरस इंचास ४०० पौंड दाबाला फुटावयाची होती. आतील अभिक्रिया एकदा अनावर झाल्यावर तो दाब येईपर्यंत फार उशीर झाला होता. ती ७५ पौंडांना फुटती तर अनर्थ टळण्याचा संभव होता, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पात्र किती सोसेल याबरोबरच आतले द्रव्य किती वेळ देईल, हेही पाहावे लागते.

आणि झडप उघडल्यावर वायू जाणार कोठे? भोपाळला १९८४ च्या डिसेंबरमध्ये टाकीची झडप उघडली. टाकी फुटली नाही. परंतु वायू जाळून टाकणारा मनोरा नळीचा तुकडा काढून ठेवल्यामुळे बंद होता, आणि वायू धुऊन निर्विष करणारी यंत्रणा त्या प्रचंड लोटापुढे निष्प्रभ ठरली. पात्र वाचले आणि शहर मेले.

बाष्पकांच्या बाबतीत कायदा या धोक्याविषयी जागा आहे. सुरक्षा झडपेत ढवळाढवळ करणे १९२३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही ते गुन्हाच मानले आहे. पण रासायनिक रिअ‍ॅक्टर म्हणजे बाष्पक नव्हे. तेव्हा धोकादायक रसायने हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याने प्रत्येक झडपेचा ठरलेला दाब, तो ठरवण्यामागील कारण, शेवटच्या चाचणीची तारीख आणि वायूची अंतिम वाट यांची नोंद ठेवावी, आणि ती कामगारांना व शेजारच्या वस्तीला पाहता यावी, अशी सक्ती असली पाहिजे. यात व्यापारी गुपित फुटण्याची भीती नाही. नोंदवलेल्या झडपेला सील असले आणि नोंद दहा जणांनी वाचलेली असली, की रात्रपाळीत तो स्क्रू आवळण्यास हात सहजासहजी धजणार नाही. कारखाने दूर नेण्यास वर्षे लागतील. ही नोंद उद्यापासून सुरू करता येईल.