किडनीच्या पथ्यात पोट का अडतं?

किडनीच्या रुग्णाला पथ्य मिळतं ते ‘नाही’चं. केळं नाही, शहाळं नाही, पालेभाजी नाही. कारण पोटॅशियम. पण त्यासोबत ताटातलं फायबरही जातं आणि बद्धकोष्ठता मागे लागते. खरं तर किडनी थकली की जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम आतडी जास्त करू लागतात. पोट अडलं, की तेही अडतं! म्हणून नुसती मनाईची यादी मला अपुरी वाटते. दुधी, कोबी, सफरचंद बहुतेकांना चालतं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळली की पोटॅशियम कमी होतं, फक्त ते पाणी फेकायचं. आपल्याकडे ते आमटीत जातं. इसबगोलाला पाणी लागतं आणि डायलिसिसवर पाणी मोजून, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच. मॅग्नेशियमचं रेचक तर मनाने घेऊच नका.