विश्लेषण : मेंदूतील ‘आनंद’ टिकवणारे औषध जिवावर का बेतले?

फ्रान्समधील रेन शहरात जानेवारी २०१६ मध्ये झालेल्या औषधचाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. त्या चाचणीचा धडा आजही लागू आहे.

स्निग्ध पदार्थ निरोप कसा देतात?
दोन चेतापेशींमधल्या सूक्ष्म फटीला सिनॅप्स म्हणतात. तिथले बहुतेक संदेशवाहक आधीच साठवलेले असतात. ‘आनंदामाइड’सारखे स्निग्ध संदेशवाहक मात्र गरजेनुसार पेशीच्या आवरणातूनच तयार होतात. असे काही निरोप उलट दिशेने जातात आणि पाठवणाऱ्या पेशीला ‘आता पुरे’ असे सांगतात. जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधलेल्या या रेणूच्या नावात संस्कृतमधला ‘आनंद’ आहे. काम झाले की ‘फा’ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे विघटन करते.

रेनमध्ये काय घडले?
हे विकर रोखले तर शरीराचा स्वतःचा वेदनाशामक जास्त वेळ टिकेल, हा औषधामागचा तर्क. सुमारे १९०० युरोंच्या मोबदल्यात आलेल्या सहा जणांना रोज ५० मिलिग्रॅम औषध दिले गेले. १० जानेवारीला एकाला रुग्णालयात हलवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांना पुढचा डोस दिला गेला! १७ जानेवारीला पहिला रुग्ण दगावला. आणखी चौघांत मेंदूच्या त्रासाची लक्षणे दिसली.

चूक विकराची की माणसांची?
‘फा’ रोखणारी इतर औषधे माणसांना आधी देऊन झाली होती. त्यांत असा अपाय दिसला नव्हता. हे औषध ‘फा’खेरीज स्निग्ध पदार्थांवर काम करणाऱ्या इतर विकरांनाही रोखते, असे २०१७ मध्ये ‘सायन्स’मधील संशोधनाने दाखवले. मृत्यूचे कारण तेच, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

पण डोस थांबवायला एवढे विज्ञान लागत नव्हते. सोबती रुग्णालयात आहे, हे सांगून ‘पुढचा डोस घ्याल का?’ एवढे विचारणे पुरेसे होते. ते झाले नाही, हा फ्रेंच सरकारी चौकशीतला मोठा ठपका होता.

आपल्याकडेही पैशांसाठी अशा चाचण्यांत उतरणारे तरुण आहेत. भरपाईचे नियम आहेत, पण भरपाई ही अपाय झाल्यानंतरची गोष्ट. संमतीपत्रावरची सही पहिल्या दिवशी एकदा होते. धोका मात्र रोज बदलतो. म्हणून संमतीही पुन्हा विचारली गेली पाहिजे.