तिला कामचुकार म्हणू नका, तिची गोळी बंद पडू देऊ नका

सकाळी कपाशीत निंदायला गेलेली बाई दुपारपर्यंत ठीक असते. संध्याकाळी तिच्या पापण्या खाली येतात, एकाची दोन माणसं दिसतात, भाकर चावता चावता जबडा थकतो. रात्री आराम झाला की सकाळी पुन्हा बरी. मग घरचे म्हणतात, नाटक करते. शेजारी म्हणतात, बाहेरचं आहे. दोन्ही खोटं. हा ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ असू शकतो. १९८४ मध्ये अमिताभ बच्चन यांना हाच आजार निघाला होता. त्यांना कुणी कामचुकार म्हटलं नाही. आपल्या बाईला मात्र म्हणतात.

या आजारात आपलं रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच चुकते. नस जिथं स्नायूला निरोप देते, त्याच जागेवर ती हल्ला करते. पायरिडोस्टिग्मीनच्या गोळीनं काही तास जोर येतो, पण हल्ला थांबत नाही. त्यासाठी प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन अशी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं लागतात.

खरी अडचण इथंच आहे. अझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर प्रेडनिसोलोननं चेहरा सुजतो, साखर आणि बीपी वाढतो. ‘गोळी गरम पडली’ म्हणून लोक ती सोडतात आणि धागा-अंगारा सुरू करतात. एकदम सोडलेल्या गोळीनं श्वासाचे स्नायू थकून जीवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा तर तो डॉक्टरांनीच, हळूहळू.

पण सगळा दोष रोग्याला देणं मला पटत नाही. या औषधांवर रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी वरचेवर करावी लागते. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. सरकारी आरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या रोग्यासाठी. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च घरावरच येतो. अझाथायोप्रिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग ती गोळी आणि ती तपासणी चिखली, मेहकर, लोणारच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला फुकट मिळालीच पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तसा अर्ज वस्तीनं मिळून द्यावा.

तोवर एवढं सांभाळा. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आधी आजाराचा कागद दाखवा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी हा आजार वाढू शकतो. मूल हवं असेल तर आधीच सांगा, कारण यातली काही औषधं गर्भाला घातक आहेत. गिळताना ठसका लागला, दम लागला, तर लगेच १०८.

आणि रविवारी विहारात जमलो की महिला मंडळानं एकच विचारावं: ताई, या महिन्याच्या गोळ्या आहेत ना?