लेक पाहुणी कीं घरची?

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्या घरांतून एक ठराविक धांदल सुरू होते. चकलीची भाजणी दळून येते, अनारशांचें पीठ मुरत पडतें, ठेवणींतल्या चादरी उन्हांत निघतात. हें सर्व सणासाठीं असें आपण म्हणतों. पण आईच्या मनांत विचाराल तर तें येणाऱ्या लेकींसाठीं असतें. सासरीं गेलेल्या मुलीनें चार दिवस येथें कांहीं करूं नये, कशाची काळजी करूं नये, आयतें जेवावें आणि पोटभर झोपावें, असा माहेरपणाचा अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललों आहों. हा अर्थ गोड खरा. परंतु तो किती अपुरा आहे, हें २०२४ च्या दिवाळींत माझ्या दोन लेकींनीं मला शिकविलें. गोष्ट घरगुती आहे. पण अशी ती पुष्कळ घरांत घडत असेल, म्हणून संकोच सोडून लिहितें.

आमचें बिऱ्हाड हल्लीं महाळुंग्यास आहे. हें मुळशी तालुक्यांतलें मुळा नदीच्या कांठचें गांव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं महाळुंगे-बालेवाडीस मोठें क्रीडासंकुल झालें, नदीपलीकडे हिंजवडीला संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, २०२१ सालीं गांव पुणें महापालिकेंत गेलें, आणि शेतांच्या जागीं उंच इमारती आल्या. अशाच एका इमारतींत सातव्या मजल्यावर आम्ही राहतों : हे, मी, मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू. पेठेंतला जुना वाडा पाडला गेला तेव्हां आम्ही इकडे आलों. मुलींचीं लग्नें त्या वाड्यांतून झालीं. या घरांत त्या कधीं राहिल्याच नाहींत. थोरली नागपुरास वकिली करते. धाकटी जांवयांच्या नोकरीमुळें मेक्सिको देशांत, ग्वादालाहारा शहरीं असते. तिचें घड्याळ आपल्या मागें साडेअकरा तास. आमची निजण्याची वेळ ती तिची सकाळच्या चहाची.

मेक्सिको म्हटलें कीं आमच्या शेजारणींना तो देश नकाशावर शोधावा लागतो. पण मराठी माणसाला तो अगदींच परका नाहीं. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ सालीं तेथें गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयांत शिकवूं लागले आणि मका व गहूं यांच्या नव्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें. तेथेंच त्यांनीं संसार थाटला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन कन्या. १९५५ सालीं ते कुटुंबासह नागपुरास परतले आणि १९६७ सालीं तेथेंच वारले. पुढें कन्या सावित्री साहनी यांनीं वडिलांचें चरित्र इंग्रजींत लिहिलें. धाकटीनें हें मला कळविलें तेव्हां ‘लेकीनें लिहिलें हें किती छान,’ एवढेंच मी म्हणालें होतें. लेकीला बापाविषयीं लिहावयाचें तर आधीं तें तिला कळलें पाहिजे, हा विचार तेव्हां माझ्या मनांत आला नाहीं.

त्या वर्षीं वसुबारस २८ ऑक्टोबरला होती. धाकटी तीन वर्षांनीं येणार होती, म्हणून थोरलीनेंही कोर्टाची सुटी धरून येण्याचें ठरविलें. मी महिनाभर आधीं याद्या केल्या. कोणत्या दिवशीं कोणतें पक्वान्न, कोणाला कोणती साडी, कोणी कोठें निजावयाचें, सारें टिपून ठेवलें. याद्यांत न लिहिलेल्या गोष्टी मात्र दोन होत्या, आणि त्याच पुढें आड आल्या.

पहिली गोष्ट ह्यांच्या प्रकृतीची. जुलैमध्यें ह्यांच्या छातींत दुखूं लागलें, आणि हृदयाच्या रक्तवाहिनींत दोन जाळ्या बसवाव्या लागल्या. मुलगा आणि सूनबाई रात्रंदिवस खपलीं. लेकींना आम्हीं कळविलें नाहीं. “दूर आहेत, जिवाला घोर लागेल, आतां बरें वाटतें आहे, मग कशाला?” असें हे म्हणाले, आणि मला तें पटलें. दुसरी गोष्ट सूनबाईची. तिचें माहेर साताऱ्यास. लग्नाला नऊ वर्षें झालीं, त्यांत भाऊबिजेस ती एकदांच गेली होती. यंदा जाईन म्हणून तिनें भावाला शब्द दिला होता. पण नणंदा येणार असें कळतांच ती आपण होऊन म्हणाली, “आई, दोघीजणी इतक्या दिवसांनीं येणार, मी कशी जाऊं? पुढच्या वर्षीं पाहूं.” मीं तिच्या समंजसपणाचें कौतुक केलें. त्या कौतुकांत माझी सोय किती होती, हें आज लिहितांना लाज वाटते.

मुली आल्या. घर भरलें. पहिले दोन दिवस मी त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडूं दिला नाहीं. धाकटी दुधासाठीं उठली आणि “आई, चमचे कोठें असतात?” म्हणून विचारूं लागली. मी चटकन् म्हणालें, “तूं बस ग, मी देतें.” असें दिवसांतून दहा वेळां झालें. वाड्यांत अंधारांतसुद्धां मिठाची बरणी शोधून काढणारी ती पोर येथें प्रत्येक गोष्ट विचारीत होती, आणि मी तिला उत्तर न देतां वस्तूच हातांत देत होतें.

नरकचतुर्दशीच्या सकाळीं फराळ चालला असतां नातू सहज म्हणाला, “आजोबांना चकली द्यायची नाहीं, डॉक्टरांनीं सांगितलें आहे. आणि आत्या, तुला ठाऊक आहे? आजोबांच्या हृदयांत दोन स्प्रिंगा आहेत!” ताटावरचे सर्वांचे हात थांबले. थोरलीनें माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली. धाकटी उठून बाल्कनींत गेली.

दुपारीं थोरली माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी रागावलेली फार क्वचित् पाहिली आहे. त्या दिवशींही तिनें आवाज चढविला नाहीं. ती म्हणाली, “आई, नागपूर एका रात्रीचें अंतर आहे. मी आलें असतें. दादा-वहिनींनीं एकट्यांनीं कां जागरणें करावींत? मी घरची नाहीं का?”

“तुला त्रास होऊं नये म्हणूनच ग—”

“तेंच तर. त्रास पाहुण्यांना द्यावयाचा नसतो.”

मग आपल्या धंद्याला धरून तिनें एक गोष्ट सांगितली, ती वाचकभगिनींनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत तेविसावें कलम होतें. बाप मृत्युपत्र न करतां वारला आणि राहत्या घरांत कुटुंबांतलींच माणसें राहत असलीं, तर त्या घराची वांटणी मागण्याचा हक्क मुलीला नव्हता. मुलगे आपसांत वांटणी करतील तेव्हांच तिचा वांटा निराळा व्हावयाचा. तोंपर्यंत घरांत राहण्याचा हक्क होता, पण तोही अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुलीलाच. म्हणजे सुखानें नांदणारी लेक बापाच्या घरीं कायद्याच्या दृष्टीनेंही पाहुणीच होती. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलांसारखा हक्क दिला, पण ज्यांचीं लग्नें आधींच झालीं होतीं त्यांना वगळलें. २००५ च्या दुरुस्तीनें तेविसावें कलम गाळलें गेलें आणि देशांतल्या सर्व हिंदु मुलींना, लग्न झालेलें असो वा नसो, हा हक्क जन्मापासून मिळाला. त्यासाठीं बाप दुरुस्तीच्या दिवशीं हयात असण्याची जरुरी नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० च्या ऑगस्टमध्यें स्पष्ट केलें.

“मी तुमच्याकडे घराचा वांटा मागायला आलेलें नाहीं,” ती म्हणाली. “तो कायद्यानें द्यावयाचा तसा मिळेल. पण घरच्या काळजींतला वांटा कायदा देऊं शकत नाहीं, आई. तो तुम्हींच द्यावा लागतो.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसरे दिवशीं, १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन होतें. संध्याकाळीं धाकटी झेंडूचीं तोरणें ओंवीत बसली. तिचा रुसवा अजून गेला नव्हता, पण फुलांनीं तिला बोलतें केलें. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आपल्या दसरा-दिवाळीचें हें फूल युरोपांतल्या दर्यावर्दी लोकांनीं अमेरिका खंड पाहिल्यानंतर आपल्याकडे आलें. मिरची आणि मका हींही तिकडचींच. मेक्सिकोंत १ व २ नोव्हेंबर हे दिवस मृतांच्या सणाचे असतात. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असा तो सण. मात्र गंभीर कमी आणि आनंदाचा जास्त. घरोघर मृतांचीं छायाचित्रें मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे गेलेलीं माणसें आपलें घर ओळखून परत येतात.

धाकटी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तिथें मेलेल्यांनासुद्धां घरची वाट दाखवितात, आई. मी तर जिवंत आहें. तीन वर्षें रोज तुझ्याशीं बोलतें, तूं मला भाजी काय केली तें सांगतेस. जुलैंत बाबांना दवाखान्यांत नेलें त्या रात्रींही तूं मला ‘दोडकीं केलीं’ म्हणून सांगितलेंस.”

मला तें आठवलें. खरोखरच मीं तसें सांगितलें होतें, आणि मुलीला काळजींतून सोडविलें म्हणून मनांत समाधानही मानलें होतें. तिच्या बाजूनें पाहिलें तर मीं तिला बापाच्या आजारांतून बाहेर ठेवलें होतें. उद्यां भलतेंसलतें कांहीं झालें असतें, तर ती आयुष्यभर त्या दोडक्यांपाशीं अडून राहिली असती.

त्या रात्रीं पूजा झाल्यावर आम्ही सर्व एकत्र बसलों. ह्यांनीं आपली दवाखान्याची फाईल स्वतः उघडून मुलींपुढें ठेवली. कोणतें औषध केव्हां, पुढची तपासणी केव्हां, पैसे किती लागले आणि कोठून दिले, सर्व कांहीं. थोरलीनें सहा महिन्यांची तपासणी आपल्याकडे घेतली. धाकटीनें औषधांचा महिन्याचा हिशेब पाहण्याचें पत्करलें; तिला तेथून तो संगणकावर करतां येतो. मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “जुलैंत मला फार एकटें वाटलें होतें.” हें त्यानें तोंवर कोणालाच सांगितलें नव्हतें. लेकींना काळजी नको म्हणतां म्हणतां आम्हीं सगळें ओझें लेकाच्या आणि सुनेच्या पाठीवर ठेवलें होतें, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें.

राहतां राहिली साताऱ्याची गोष्ट. ती धाकटीनेंच काढली : “वहिनी, तुम्ही माहेरीं कधीं जाणार?” सूनबाई हंसली आणि कांहीं बोलली नाहीं. त्या हंसण्याचा अर्थ मला ठाऊक होता, माझ्या मुलींनाही तो लगेच कळला. भाऊबीज ३ तारखेस होती. सकाळीं लवकर मुलींनीं भावाला ओंवाळलें, आणि दहाच्या सुमारास मुलगा, सूनबाई व नातू मोटारीनें साताऱ्यास निघालीं. सूनबाईला मीं डबे भरून दिले. निघतांना ती मला म्हणाली, “आई, दोघी असतां मी जातें, बरें दिसेल का?” मी म्हणालें, “माझ्या लेकी माहेरीं आल्या, तशीच तूं कोणाची तरी लेक आहेस. जा.” हें वाक्य मला नऊ वर्षें आधीं सुचावयास हवें होतें.

पुढचे चार दिवस स्वयंपाक मुलींनीं केला. थोरलीची आमटी खारट झाली. धाकटीनें मक्याच्या पिठाच्या मेक्सिकन भाकऱ्या केल्या, त्या ह्यांनीं आवडीनें खाल्ल्या. मी दुपारीं दोन-दोन तास निजलें. याचा अर्थ लेकींना विसावा नको असतो असा मात्र कोणी करूं नये. मीं धाकटीला सरळ विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “मला दोन्ही हवें. सकाळीं आठपर्यंत झोपूंही दे, आणि घरांत काय चाललें आहे तेंही सांग.” मला हें मागणें अगदीं वाजवी वाटतें. मुलगा आपल्याकडून हेंच घेत असतो आणि आपण तें देतांना कधीं विचारही करीत नाहीं.

आयांची बाजू मला कळते. लेक थोडे दिवस येते; त्यांत दुखणीं, देणीं, घरांतले रुसवेफुगवे तिच्यापुढें कां मांडावेत, असें वाटणें मायेचेंच आहे. परंतु मायेनें लपविलेली गोष्टही लपविलेलीच असते. सर्व कांहीं सांगावें असेंही माझें म्हणणें नाहीं. ज्या गोष्टी मुलाला सांगितल्यावांचून आपण राहत नाहीं, त्या मुलीलाही सांगाव्या, एवढें माप मीं आपल्यापुरतें ठरविलें आहे. आणि लेकीच्या माहेरपणाची यादी करतांना सुनेच्या माहेरपणाचा दिवस तींत आधीं लिहावयाचा.

धाकटी निघाली त्या दिवशीं पहांटे मी तिच्या हातावर घालण्यासाठीं दहीं काढीत होतें. चमचा हाताशीं नव्हता. मी वळण्याच्या आंतच तिनें खण उघडून तो माझ्या हातांत दिला. पुन्हां ती केव्हां येईल तें विमानाच्या भाड्यावर आणि जांवयांच्या रजेवर अवलंबून आहे. पण रोज रात्रीं तिचा फोन आला कीं आधीं भाजी सांगतें, आणि मग खरें काय तें सांगतें.