पडद्यावर खो कोण देणार?

क्रीडाविषयक व्हिडिओ खेळांच्या धंद्याचे येत्या वर्षाचे भाकीत करावयास पंचांग लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि ‘ड्रीम इलेव्हन’ला आपल्या सशुल्क स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. ई-क्रीडेला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली. तेव्हा पैजेत गुंतलेला तरुण आता निखळ खेळाकडे वळेल, असे मानावयास हरकत नाही. पण कोणत्या खेळाकडे?

‘रिअल क्रिकेट’ हा खेळ तयार करणाऱ्या पुण्याच्या ‘नॉटिलस मोबाइल’ची सूत्रे २०२५ मध्येच दक्षिण कोरियाच्या ‘क्राफ्टन’च्या हाती गेली. हे भांडवल मराठी मातीच्या ओढीने आलेले नाही. ते क्रिकेटच्या गिऱ्हाइकासाठी आले आहे. म्हणजे येते वर्षही क्रिकेटचेच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तरीही याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा येथे, शाळकरी मुलाच्या हातातील फोनवर येत्या वर्षी तोलामोलाचा खो-खो अवतरेल असे आम्हांस वाटत नाही. वस्तुतः हुलकावणी, पाठलाग, खांबाजवळचा सूर, हे सारे पडद्यासाठीच जन्मले असावे! बाजार हे काम करणार नसेल, तर राज्याच्या क्रीडा खात्याने ते करवून घ्यावे. समालोचन मराठीत असावे, आणि खेळ स्वस्तातल्या फोनवरही चालावा.