फलकावर नसलेले नाव



जुलै महिना आला, पंचगंगेचे पाणी चढू लागले आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा अंतिम निकाल हाती पडला की आमच्या शाळेत गुणगौरवाचा कार्यक्रम होतो. त्याआधी मागच्या वर्षातील उपक्रमांचा आणि मुलांच्या यशाचा अहवाल लिहावा लागतो. ठळक गोष्टी रंगीत खडूंनी व्हरांड्यातल्या फलकावर उतरवाव्या लागतात. माझे अक्षर बरे आहे, म्हणून हे काम वर्षानुवर्षे माझ्याच गळ्यात पडते.

यंदा लिहिण्यासारखे पुष्कळ होते, अल्हम्दुलिल्लाह. 26 जूनला राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीची प्रभातफेरी पावसात भिजत दसरा चौकातील पुतळ्यापर्यंत गेली. 15 ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन झाला. त्या दिवशी दप्तराला सुट्टी आणि प्रत्येकाच्या हातात गोष्टीचे एक पुस्तक. 11 नोव्हेंबरला मौलाना आझाद यांच्या जयंतीला राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा केला. देशाचे पहिले शिक्षणमंत्री कोण, असे विचारल्यावर पहिलीतला एक चिमुरडा ठणकावून म्हणाला, "आमचे हेडसर!" 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला पाचवीच्या मुलींनी दिवसभर शाळा चालवली आणि आम्हा शिक्षकांना वेळेवर यायची ताकीद दिली. बालबाजारात मुलांनी भेळ, शंकरपाळी, कोथिंबीर विकली. वहीतल्या वजाबाकीला अडखळणारी मुले सुट्टे पैसे मात्र बिनचूक परत देत होती.

आणि शिष्यवृत्ती! पाचवीची आठ मुले बसवली होती. त्यांपैकी पाच पात्र ठरली आणि एक मुलगी शिष्यवृत्तीधारक झाली. तिचे नाव मी फलकावर सर्वांत वर, लाल खडूने लिहिले.

कार्यक्रम झाला. हार-गुलाब, फोटो, पेढे सगळे आटोपले. खुर्च्या उचलत होतो, तेव्हा एक आई फलकासमोर उभी दिसली. हातातल्या छत्रीचे पाणी टपटपत होते. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत होते. "टीचर, क्या लिख्या है, जरा पढ के बताव ना," ती म्हणाली. मी मोठ्या उत्साहाने वरपासून खालपर्यंत सगळे वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि हळूच विचारले, "मेरे बच्चे का नाम कब लगेगा टीचर, इसमें?"

"लगेगा, इन्शाअल्लाह," मी म्हणाले. असे उत्तर देणे सोपे असते. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. कारण गेल्या वर्षी आमच्या शाळेत जे सर्वांत मोठे घडले, ते तिच्याच मुलाच्या बाबतीत घडले होते आणि त्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती.

ते आज इथे लिहिते. त्यात माझी चूकही आहे, तीही लिहिते.

माझा वर्ग तिसरीचा. शिष्यवृत्तीच्या मुलांचे गणितही माझ्याकडे असते. त्या आठ मुलांना जादा वेळ देता यावा म्हणून जुलैपासून दिवाळीपर्यंत माझ्या वर्गाचा शेवटचा वाचनाचा तास मी बहुतेक दिवस काढून घेत होते. "पान अमुक, शुद्धलेखन करा" असे सांगायचे आणि शेजारच्या खोलीत जायचे. तिसरीची मुले शांत बसून लिहीत. मला वाटे, सगळे ठीक चालले आहे.

दिवाळीनंतर एकेका मुलाला जवळ बसवून वाचन घेतले. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात एक अपेक्षा ठरवलेली आहे. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचले पाहिजेत. या मुलाची वही वर्गात सर्वांत नीटनेटकी. पुस्तक उघडून त्याने धडा धडाधडा म्हटलाही. मला शंका आली, म्हणून चित्रावर हात ठेवला आणि मधल्याच एका शब्दावर बोट टेकवून विचारले, "हे काय आहे?" तो गप्प. दुसरा शब्द, तरी गप्प. सगळा धडा त्याला शेजारच्या मुलाच्या तोंडून ऐकून पाठ झाला होता. वहीतली सुंदर अक्षरे तो चित्रे काढावीत तशी काढत होता.

आईला बोलावले. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर असतात, म्हणून ती एकटीच आली. माझे बोलणे ऐकून ती गोंधळून गेली. "लेकिन टीचर, मदरसे में तो पढता है वो. हाफिजजी बोलते, कायदा पूरा होने को आया." मला आधी ते खरे वाटले नाही. मी त्याला म्हटले, "उद्या तुझा कायदा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ बसला. बोट ठेवून, हिज्जे करत, जबर-जेर-पेश लावत त्याने पानभर वाचले. मी मध्येच पान उलटले, कुठेही बोट ठेवले, तरी तो अडला नाही. जो मुलगा वाचू शकत नाही असे मी ठरवून बसले होते, तो रोज संध्याकाळी एक वेगळी लिपी अक्षरे जोडून वाचत होता!

मग मी फळ्यावर एका बाजूला कायद्यातली अक्षरे लिहिली आणि दुसऱ्या बाजूला बाराखडी. जबर लावला की 'ब', जबरपुढे अलिफ आला की 'बा', म्हणजे आपला काना. जेर लावला की 'बि', म्हणजे वेलांटी. पेश लावला की 'बु', म्हणजे उकार. तश्दीद आली की अक्षर दोनदा म्हणायचे, तसेच आपल्या 'अम्मी'तले आणि 'पक्का'तले जोडाक्षर. दोन्ही लिप्या हुबेहूब सारख्या आहेत असे नाही. एक उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून. पण अक्षराला खूण लागली की आवाज बदलतो, ही गोष्ट त्याला आधीच येत होती. देवनागरीतही तेच करायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, ये तो वैसाच है!"

आणखी एक गाठ होती. त्याच्या घरी दख्खनी बोलतात. त्यात 'ण' आणि 'ळ' हे आवाज नाहीत. घरी 'पानी', पुस्तकात 'पाणी'. वर्गात 'फळा' वाचताना 'फला' म्हटले की मुले हसत, म्हणून त्याने मोठ्याने वाचणेच सोडून दिले होते. ही चूक जिभेच्या सवयीची आहे, अकलेची नाही, हे मी वर्गाला समजावले. मी स्वतः लहानपणी 'बाल' आणि 'बाळ' यांत गोंधळत होते, हेही सांगितले. त्यानंतरचे हसणे वेगळे होते.

वाचनाचा तास मी परत सुरू केला आणि शिष्यवृत्तीचे गणित सकाळी शाळेआधी घेऊ लागले. रोज वीस मिनिटे आम्ही काहीही वाचायचो. केएमटीच्या बसवरच्या पाट्या, गंगावेश, बिंदू चौक, रंकाळा, दुकानांची नावे, बिस्किटाच्या पुड्याचा कागद. जानेवारीत तो छोटी वाक्ये वाचू लागला. मार्चमध्ये नवीन, कधीही न ऐकलेली गोष्ट त्याने मला वाचून दाखवली आणि शेवटी कोल्हा का पळाला तेही सांगितले. मिनिटाला साठ शब्द अजून होत नाहीत. पण आता तो थांबतो ते शब्दाचा अर्थ विचारायला.

वाचकहो, फलकावरच्या यादीला मी कमी लेखत नाही. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालक रांग लावतात, ही बातमी आपण वाचलेली आहे. महापालिकेच्या मराठी शाळेवर कोल्हापूरकरांचा एवढा भरवसा बसला, त्यात शिष्यवृत्तीच्या निकालांचा मोठा वाटा आहे. पण याच शहरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि स्पर्धेवाचूनही मूल आनंदाने, अनुभवातून शिकते हे वर्षानुवर्षे दाखवून दिले. दोन्ही गोष्टी आपल्या कोल्हापूरच्याच आहेत.

आणि ज्यांच्या नावाने आपण प्रभातफेरी काढतो, त्या शाहू महाराजांनी काय केले ते आठवा. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळी रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. त्याआधी 1906 साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तेव्हा महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभे राहिले. त्यांचा कायदा हुशार आठ मुलांसाठी नव्हता. तो शेवटच्या बाकावरच्या मुलासाठीही होता. मी मात्र त्यांच्याच शहरात त्याच मुलाचा तास काढून घेतला होता.

आता पालकांसाठी थोडे कामाचे. शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी 150 गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रथम भाषेचे 50 गुण असले तरी गणिताचे शाब्दिक उदाहरणही आधी वाचावे लागते. वाचनाशिवाय नुसते क्लास लावून काही उपयोग नाही. 'पात्र' होणे आणि 'शिष्यवृत्तीधारक' होणे यांतला फरकही समजून घ्या. दोन्ही पेपरांत किमान 40 टक्के मिळाले की मूल पात्र ठरते. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र गुणवत्ता यादीतल्या मुलांनाच मिळते. पाचवीत कागलच्या नवोदय विद्यालयासाठीही परीक्षा देता येते. तिथे निवड झाली की सहावीपासून राहण्या-जेवणासह शिक्षण होते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकात एकसारखे आहे का, ते आजच पाहा. आपल्याकडे एकाच घरात शेख आणि शैख, मोमीन आणि मोमिन, कुठे आडनाव पुढे तर कुठे मागे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची रक्कम केवळ नावातल्या एका अक्षरामुळे कित्येक महिने अडकली होती. दुरुस्ती लहानपणीच सोपी असते.

आणि ज्यांना स्वतःला मराठी वाचता येत नाही त्या आयांसाठी. तुम्हाला शिकवायचे नाही, ऐकायचे आहे. मगरिबनंतर पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवा आणि मुलाला म्हणा, "मला वाचून दाखव." लाइटचे बिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचे नाव, काहीही चालेल. वाचलेले तुम्हाला दख्खनीत किंवा उर्दूत समजावून सांगायला लावा. त्याला समजले की नाही ते लगेच कळते. मदरशात मूल कुठवर आले ते शाळेत सांगा आणि शाळेत काय चालले आहे ते हाफिजजींना सांगा. मूल एकच आहे, दोन्हीकडे एकाच डोक्याने शिकते.

गेल्या सोमवारी मी मुख्याध्यापकांना विचारून फलकाच्या खालच्या बाजूला एक नवीन चौकट आखली. 'या वर्षी वाचू लागलेली मुले' असे वर लिहिले आणि खाली सहा नावे. शाळा सुटताना ती आई पावसात नेहमीसारखी मुलाला न्यायला आली. मी तिला फलकापाशी बोलावले. तिने सवयीने विचारले, "टीचर, क्या लिख्या है?"

मी काही बोलले नाही. तिच्या मुलाने बोट ठेवून चौकटीतली सगळी नावे वाचली. स्वतःचे नाव चौथे होते. तिथे आल्यावर तो लाजून थांबला, तेव्हा आईच म्हणाली, "पढ ना, बेटा. आगे क्या है?"

पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह. तोवर या सहा मुलांना आणि अजून वाचू न लागलेल्या माझ्या बाकीच्या मुलांना दुआत लक्षात ठेवा.